आत्याचं तोंड

कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत त्या उन्हाळ्यात जो वास होता, तसा मी पुन्हा कुठं घेतला नाही. कपाटामागं उंदीर मरावा, कुणी त्यावर टर्पेंटाइन ओतावं आणि वर उदबत्ती लावावी, तसा. तो कपड्यांना लागायचा, पिठाला लागायचा, माझ्या केसांना लागायचा. मी नळावर गेले की बायका हंडे उचलून जरा पलीकडं सरकायच्या. तोंडानं कुणी काही म्हणायचं नाही.

तो वास माझ्या आत्याच्या तोंडाचा होता. तिच्या डाव्या गालाला आतून कॅन्सर झाला होता आणि गाल हळूहळू कुजत होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला. मिशनच्या शाळेत शिकली आणि पुढं बायबलबाई झाली. बायबलबाईचं काम म्हणजे गावोगाव फिरायचं आणि बायाबापड्यांना येशूच्या गोष्टी सांगायच्या. चाकणला तिची एक खोली होती. बाजाराच्या दिवशी ती कांद्याच्या ढिगांमध्ये बायकांशेजारी फतकल मारून बसायची आणि चित्रांची गुंडाळी उलगडायची. हरवलेलं मेंढरू, उधळ्या मुलगा, विहिरीवरची बाई. शेवटच्या चित्रात स्वर्ग होता, सोन्याचे रस्ते असलेला. ते मात्र ती उघडत नसे. म्हणायची, "त्या बायांना सोनं कशाला दाखवायचं? सोनार आठवतो बिचाऱ्यांना."

ती मशेरी लावायची. सकाळ-संध्याकाळ, बोटभर भाजलेली तंबाखू दातांना. मिशनला हे चालत नव्हतं आणि मिशनला हे माहीतही होतं. गालात पांढरा चट्टा आला तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही, हळद-तूप लावत राहिली. बाबा तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या. चाकणची खोली सोडून ती आमच्याकडं आली. मी सातवीची, फायनलची परीक्षा देऊन घरीच होते, स्थळं बघणं चालू होतं. तिचं करणं माझ्याकडं आलं.

मी ते प्रेमानं केलं असं सांगणार नाही. मला किळस यायची. लाल औषधाच्या पाण्यानं तिचं तोंड धुताना मी श्वास धरून ठेवायची. एकदा दुपारी कापूस आत फिरवताना जखमेत काहीतरी वळवळलं. मी वाटी टाकली, अंगणात पळाले आणि भिंतीला धरून ओकले. मागून आई आली. तिनं आत डोकावून पाहिलं, केस काढायचा चिमटा उकळत्या पाण्यातून काढला, टर्पेंटाइनचा बोळा गालात धरला आणि अळ्या एकेक करून बाहेर काढल्या. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या दोघींचं वाकडं होतं. माझा धाकटा भाऊ तापात गेला, तेव्हा शेजारच्या मुसलमान म्हातारीनं आणून दिलेला ताईत आईनं त्याच्या गळ्यात बांधला होता. मंडळीला, म्हणजे आमच्या ख्रिस्ती देवळातल्या लोकांना, ते कळलं. पोर गेलं ते गेलंच, वर आईला प्रभुभोजनातून बंद केलं; म्हणजे देवळात बसायचं, पण भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढं जायचं नाही. त्या बैठकीत आत्यानं मंडळीची बाजू घेतली होती. पुढं बंदी उठली, पण आई कधी पुढं गेली नाही. शेवटच्या बाकावर बसायची आणि सगळे वेदीकडं निघाले की चप्पल घालून बाहेर जायची.

दर रविवारी उपासना झाली की मंडळी आमच्याकडं यायची. आजाऱ्याची भेट घ्यावी असं शास्त्र सांगतं. पुढं मंडळीचे कारभारी, मागं त्यांची बायको, त्यांच्या मागं आणखी दहा-बारा जणं. कारभारी खडकीच्या डेपोत हेडक्लार्क होते आणि बाबांची तिथली नोकरी त्यांच्या शब्दानं लागली होती. म्हणून बाबा ते आले की उभेच राहायचे, आपल्याच घरात. कारभारीणबाईंच्या रुमालावर निलगिरीचं तेल असायचं. दारातच ती पदराच्या गाठीतून बाटली काढून सगळ्यांच्या रुमालांवर दोन-दोन थेंब टाकायची, प्रसाद वाटावा तशी. मग पांढरे रुमाल नाकाला लावून सगळे आत यायचे आणि खाटेभोवती उभे राहायचे.

मला त्यांचा एवढा तिटकारा यायचा की आत्याच्या जखमेची किळस त्यापुढं काहीच वाटायची नाही. कारभाऱ्यांचं पान उलटणं मला अजून दिसतं. अंगठा जिभेवर ओला करायचा, बायबलचं पान उलटायचं, पुन्हा अंगठा तोंडात. ते प्रकटीकरणाचा भाग वाचायचे, नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि मग वाकून मोठ्यानं विचारायचे, आत्या बहिरी असल्यासारखं:

"बाई, प्रभूनं काही दाखवलं का?"

त्यांना साक्ष हवी होती. चांगला ख्रिस्ती माणूस मरताना स्वर्ग बघतो, दूत बघतो, आधी गेलेल्यांना हाका मारतो, असं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. कुणाच्या तरी आजोबांनी प्रकाश पाहिला होता, कुणाच्या काकूनं गाणं ऐकलं होतं. आत्यानं तर जन्मभर त्याच गावाचा रस्ता लोकांना सांगितला होता. तिच्या मरणाकडून त्यांची अपेक्षा मोठी होती. लग्नघरात पंगत कधी बसते म्हणून माणसं घुटमळतात, तशी ही माणसं घुटमळत होती.

आत्याचं बोलणं तोवर फार जड झालं होतं. ते फक्त मला आणि आईला कळायचं. म्हणून कारभारी माझ्याकडं वळायचे.

"काय म्हणाल्या?"

"उकडतंय म्हणते."

"हं." ते डोळे मिटायचे. "या जगाची धग, दुसरं काय. आत्म्याला इथं करमेनासं झालंय."

मग ते प्रार्थना करायचे. प्रार्थना संपायच्या आत मागच्या दोघी-तिघी दाराकडं सरकलेल्या असायच्या. बाहेर कडुनिंबाखाली रुमाल खिशात जायचे, गप्पा सुरू व्हायच्या, आणि एकदा तर कुणीतरी आणलेला फरसाणाचा पुडाही तिथंच सुटला. आत आत्या पाण्याचा चमचा गिळता येत नाही म्हणून रडत होती आणि बाहेर शेव कुरकुर वाजत होती.

ते गेल्यावर आत्या मला जवळ बोलवायची. एकदा म्हणाली, "मी इतक्यांच्या उशाशी बसले. कधी नाही विचारलं, काय दिसतं म्हणून. मरणाऱ्याला पाणी विचारावं."

मी विचारलं, "तुला भीती वाटते का?"

तिनं मान हलवली. नाही. मग बराच वेळ जुळवाजुळव करून ती बोलली. मध्ये मध्ये थुंकी गळायची, मी पुसत होते. "तिथं भूक लागणार नाही असं लिहिलंय. ते वचन मला कधीच आवडलं नाही. मला भूक लागली पाहिजे. दाताखाली ज्वारीची भाकर, मिरची आणि पातीचा कांदा. प्रभूनं मेलेल्यातून उठल्यावर मासा खाल्लाच की. मग मला भाकर द्यायला काय होतंय?"

हसायला तिला जमत नव्हतं. गाल ओढला जायचा. पण डोळे हसले.

त्याच आठवड्यात चाकणची एक बाई तिला भेटायला आली. बाजारात कांदे विकायला बसणारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत्याच्या जवळ बसणाऱ्यांपैकी होती. तिनं रुमाल-बिमाल काही आणला नव्हता. आली ती सरळ खाटेवर टेकली, आत्याचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "लई खराब झालं की वो बाई तोंड. वासबी लई मारतोय."

मला इतकं बरं वाटलं! इतक्या दिवसांत ते वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारलं नव्हतं.

बाई थोडा वेळ बसली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "एक इचारू का? तुमच्या त्या सर्गात आमाला घेत्यात का न्हाई? आमी काय ते पानी-बिनी घेतलं न्हाई डोक्यावर."

नेमकी तेव्हाच कारभारीणबाई दारात आली होती. तिला काहीतरी विचारायचं होतं, त्याचं पुढं सांगते. ती रुमालातूनच म्हणाली, "तारण फुकट आहे, पण बाप्तिस्म्याशिवाय नाही. बाईंनी तुम्हाला एवढी वर्षं हेच सांगितलं असेल."

आत्या काहीतरी पुटपुटली. मी सांगितलं, "आत्या म्हणते, मी पुढं जाते, विचारून बघते."

चाकणची बाई खूश झाली. "इचारा बरं का. माजं नाव ध्येनात ठेवा," म्हणाली आणि आत्याच्या पायावर डोकं ठेवून गेली. कारभारीणबाईंनी ते डोकं ठेवणं पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू आता खरा वास आला.

तिला विचारायचं होतं ते मशेरीबद्दल. आत्यानं आठ दिवसांपूर्वी प्रभुभोजन मागितलं होतं. मरण्याआधी एकदा भाकर आणि द्राक्षारस, एवढंच. त्यावर कारभाऱ्यांच्या घरी बैठक झाली होती आणि असं ठरलं होतं की बाईंनी आधी आपलं पाप कबूल करावं. तंबाखूचं. ज्या तोंडानं सुवार्ता सांगितली त्याच तोंडात चोरून तंबाखू, आणि म्हणूनच प्रभूनं त्याच जागी शिक्षा दिली, हे त्यांनी मंडळीपुढं मान्य करावं. मंडळी म्हणजे कारभारीणबाई चालतील.

मी आईकडं पाहिलं. आई चुलीपुढं बसली होती, पाठ वळवून.

आत्यानं कबूल केलं. तिनं काहीही वाद घातला नाही. "व्हय. लावत होते. गोड लागायची," एवढं म्हणाली. मी ते जसंच्या तसं सांगितलं. 'गोड लागायची' हे कारभारीणबाईंना आवडलं नाही, पण कबुली झाली.

बुधवारी दुपारी आमच्या देवळाचे पाळकसाहेब सायकलवरून आले. बिचारा तरुण माणूस, मंडळीच्या कारभाऱ्यांना घाबरणारा. बरोबर कारभारी आणि त्यांची बायको होतीच. पाळकसाहेबांनी पिशवीतून पांढरं कापड काढलं, स्टुलावर अंथरलं, बायबल ठेवलं, पावाचा तुकडा ठेवला. मग एका वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तो चहाचा कप होता. कान तुटलेला, आत चहाची तपकिरी रेघ चढलेला.

आमच्या देवळात प्रभुभोजनाचा एक चांदीचा प्याला होता. कुणा गोऱ्या मडमेनं दिलेला. सगळी मंडळी त्याच एका प्याल्याला ओठ लावायची. एक भाकर, एक प्याला, एक शरीर, असं दर महिन्याला आम्हाला ऐकवलं जायचं.

आत्यानं कप पाहिला. मग पाळकसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

कारभारी म्हणाले, "आरोग्याचा प्रश्न आहे, बाई. मंडळीत लहान मुलं आहेत."

आत्यानं डोळे मिटले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पावाचा कण द्राक्षारसात भिजवून मी तिच्या जिभेवर ठेवला. मग कप तिच्या ओठाला लावला. तिला ओठ मिटता येत नव्हते, त्यामुळं थोडा रस आत गेला, थोडा हनुवटीवर आला, आणि थोडा तिच्या तोंडातून परत कपात गेला. तिनं गिळलं. फार कष्टानं, पण गिळलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी तिला तसं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

कपात निम्मा रस उरला होता. त्यावर एक बारीक पिवळा तंतू तरंगत होता.

पाळकसाहेब कप हातात धरून उभे राहिले. उरलेलं प्रभुभोजन टाकून द्यायचं नसतं, ते तिथल्याच कुणी घ्यायचं असतं. हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. त्यांनी कारभाऱ्यांकडं पाहिलं. कारभाऱ्यांनी रुमाल नाकावर आणखी घट्ट धरला आणि म्हणाले, "मोरी कुठं आहे? ओता मोरीत आणि कप फोडून टाका."

"ओतायचं?" आईचा आवाज आला. ती चुलीपासून उठली होती. "प्रभूचं रक्त म्हणता ना? दर महिन्याला म्हणता. मोरीत ओततात का रक्त?"

"अहो, तुम्ही मध्ये बोलू नका," कारभारी म्हणाले. "तुमचा काय संबंध?"

बाबा पुटपुटले, "अगं, जाऊ दे."

आईनं पाळकसाहेबांच्या हातातून कप घेतला. त्यात पाहिलं. तिचा गळा एकदा वर-खाली झाला. तिलाही उमासा आला होता, मी बघितला. मग तिनं कप तोंडाला लावला आणि सगळा संपवला. पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा कप कारभाऱ्यांपुढं धरला.

"घ्या. आता फोडा."

कारभारीणबाई बाहेर पळाली. तिच्या ओकण्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

ते गेल्यावर आई खाटेजवळ बसली. आत्यानं तिचा हात धरला. "वन्सं, आता काही बोलू नका, दुखेल," आई म्हणाली. दोघी तशाच बसून राहिल्या. मला वाटलं होतं काहीतरी बोलणं होईल, माझ्या भावाचं नाव निघेल. निघालं नाही. थोड्या वेळानं आई भांडी घासायला गेली.

आत्या पुढच्या रविवारी गेली, भर दुपारी, मंडळी खाटेभोवती असतानाच. श्वास लांब पडायला लागला तसे कारभारी अगदी जवळ वाकले. रुमाल होताच.

"बाई! काय दिसतंय? सांगा, काय दिसतंय?"

आत्यानं डोळे उघडले, त्यांच्याकडं पाहिलं आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या? लवकर सांग."

मी सांगितलं, "पांढरं फडकं दिसतंय म्हणते."

"शुभ्र वस्त्र!" कारभारी सरळ झाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "ऐकलंत? शुभ्र वस्त्रं दिसताहेत बाईंना!"

"तुमच्या नाकावरचं," मी म्हणाले. "तुमचा रुमाल."

कुणी ऐकलं नाही. सगळ्यांनी गाणं सुरू केलं होतं. त्या गाण्यात तिचा श्वास कधी थांबला ते मलाही कळलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या लोकांना कधी माफ केलेलं नाही.

दफनाच्या वेळेपर्यंत त्या शुभ्र वस्त्रांचा शुभ्र वस्त्रं घातलेला स्वर्गातला समुदाय झाला, त्यात आत्याची आई होती असंही निघालं. पाळकसाहेब कबरीशी तेच बोलले. बोलताना त्यांनी माझी नजर टाळली. बाबा हात बांधून ऐकत होते. मी आईला कोपरानं ढोसलं. ती हळूच म्हणाली, "बोलू दे. तिला आता ऐकू येत नाही. आणि ऐकू आलं तर हसेल."

पुढच्या प्रभुभोजनाला आई शेवटच्या बाकावरून उठली आणि चप्पल घालायला न जाता पुढं चालत गेली. रांगेत ती पहिली उभी राहिली. पाळकसाहेबांनी चांदीचा प्याला तिच्या ओठाला लावला. तिच्या मागं कारभारीणबाई होती. तिनं प्याल्याकडं पाहिलं, आईच्या पाठीकडं पाहिलं, आणि ओठ न लावता नुसती मान झुकवून परत फिरली. तिच्या मागची बाईही तशीच परतली. रांग मागून विरघळत गेली. वेदीपाशी शेवटी आई, मी आणि एक आंधळा म्हातारा, ज्याला काय चाललंय ते दिसत नव्हतं, एवढेच उरलो.

थोड्याच महिन्यांत मंडळीनं काचेचे छोटे छोटे पेले आणले. डोळ्यात औषध घालायला असतात ना, तसे. लाकडी ताटात भोकं, भोकात पेले, ज्याचा त्याचा वेगळा. परदेशात हीच पद्धत आहे, असं कारभाऱ्यांनी देवळात समजावून सांगितलं. आरोग्याच्या दृष्टीनं. चांदीचा प्याला कपाटात गेला. पेले बघून आई मला म्हणाली, "आता प्रत्येकाचा येशू वेगळा," आणि तरी ती जात राहिली, मरेपर्यंत, दर महिन्याला, पहिल्या रांगेत.

मीही जाते. लग्न होऊन दुसऱ्या गावी आले तरी जाते. स्वर्ग आहे यावर माझा विश्वास आहे आणि आत्या तिथं आहे यावरही. अडचण एवढीच आहे की तारण कृपेनं होतं, कर्तबगारीनं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलंय, आणि त्या हिशेबानं कारभारीही तिथंच असणार, अंगठा ओला करून पानं उलटत. हे मी एकदा इथल्या पाळकबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिथं गेल्यावर मनातला राग राहणार नाही. तसं असेलही. इथं मात्र आहे.